आखाडा पिच करून आपण आपलाच चान्स घालवतो का?

गहुंजेकर

मंडळी, हा विषय ऑफिसात काढला की दोन मिनिटांत गाडी 'कोच गंभीरला काढा' वर जाते म्हणून इथे टाकतोय, जरा शांतपणे बोलू. आखाडा म्हणजे मुद्दाम कोरडी ठेवलेली, पहिल्या दिवसापासून बॉल वळणारी पिच.

गहुंजेला, म्हणजे आपल्या पुण्याच्या स्टेडियमवर, आजवर तीन टेस्ट झाल्यात. २०१७ ला ऑस्ट्रेलिया, आपण १०५ आणि १०७ ऑल आउट, ३३३ रन्सनी मार खाल्ला, तिसऱ्या दिवशी सगळं आटोपलं. २०१९ ला साउथ आफ्रिका, कोहली नाबाद २५४, मयांक १०८, ५ बाद ६०१ वर डाव घोषित आणि एक डाव १३७ रन्सनी आपण जिंकलो. २०२४ ला न्यूझीलंड, आपण १५६ आणि २४५, ११३ नी हरलो, आणि २०१३ पासून घरच्या सलग १८ सिरीज जिंकल्या होत्या तो हिशोब आपल्याच गावात बंद झाला.

म्हणजे बघा, ग्राउंड एकच, गाव एकच, पण ज्या दोन मॅचला पिच कोरडी ठणठणीत ठेवून स्पिनरच्या हातात दिली त्या दोन्ही हरलो आणि जिथे पहिले दोन दिवस बॅटिंग करा मग घाम गाळून विकेट काढा असा मामला होता तिथे समोरच्याला उभंच राहू दिलं नाही. २०१७ ला त्यांचा स्पिनर ओकीफने ७० रन्समध्ये १२ विकेट काढल्या, दोन्ही डावांत सेम टू सेम ३५ ला ६. २०२४ ला न्यूझीलंडचा स्पिनर सँटनरने १३. या सँटनरने पुण्यात येईपर्यंत टेस्टमध्ये एकदाही डावात पाच विकेट घेतल्या नव्हत्या!! आणि २०२५ ला कोलकात्यात साउथ आफ्रिकेसमोर १२४ करायचे होते, ९३ वर आटोपलो.

माझा प्रश्न असा की आपली टीम समोरच्यापेक्षा भारी आहे असं आपण मानतो ना, मग भारी टीमला तर जास्त वेळ चालणारी, सगळ्यांची परीक्षा घेणारी पिच हवी, तिथे फरक दिसतो. आखाड्यावर २६० वाली टीम आणि ४५० वाली टीम दोघी दीडशेत आउट होतात, मग कोण जिंकणार हे टॉसवर आणि दोनचार सुटलेल्या कॅचवर ठरतं. असं असेल तर आपण मुद्दाम हे का करतो? की मी दोन हरलेल्या मॅच डोक्यात ठेवून उगाच थिअरी बांधतोय? क्लब क्रिकेट खेळलेले लोक आहेत इथे, त्यांनी सांगा.


रविवार_पास

थिअरी माहीत नाही पण गहुंजेचं पिच रिपोर्ट मी तिकिटावरून सांगतो. २०१७ गुरुवारी सुरू, शनिवारी संपली. २०२४ गुरुवारी सुरू, शनिवारी संपली. फक्त २०१९ ला रविवार उजाडला. पुण्यातल्या नोकरदार माणसाच्या दृष्टीने आखाडा पिच हा सरळसरळ अन्याय आहे, सुट्टीच्या दिवसाचं तिकीट काढा आणि घरी बसून मिसळ खा 😂


डेक्कनचा_ऑफस्पिन

क्लब लीगला बरीच वर्षं ऑफस्पिन टाकलाय, विकेटपेक्षा सिक्सच जास्त खाल्लेत ते सोडा, पण या प्रश्नाचं बॉलरच्या बाजूने उत्तर देतो कारण टीव्हीवर हे कोणी नीट सांगत नाही.

चांगल्या पिचवर बॅटरला आउट करायचं तर स्पिनरला त्याला हवेत फसवावं लागतं. म्हणजे एक बॉल थोडा वर, एक थोडा आधी पडलेला, मधे एक वेगाने, बॅटर पुढे यायला लागला की मागे पाडायचा, हे पाचसहा ओव्हर चालतं तेव्हा कुठे एक शॉर्ट लेगला कॅच येतो. अश्विन यात लाखात एक होता. म्हणजे अश्विन आणि बाहेरून आलेला साधा फिंगर स्पिनर (मनगटाऐवजी बोटांनी बॉल वळवणारा) यांच्यातला फरक पाटा, म्हणजे बॅटिंगला सोप्या पिचवर किंवा जरा बऱ्या पिचवर आभाळाएवढा असतो.

आता आखाडा घ्या. तिथे काय करायचं? एका जागेवर, जरा जोरात, स्टंपच्या रेषेत टाकत राहायचं. बस. एक बॉल फूटभर वळेल, पुढचा त्याच जागेवरून सरळ जाईल, आणि गंमत म्हणजे कुठला वळणार हे टाकणाऱ्यालाही माहीत नसतं तर बॅटर काय ओळखणार? हाताकडे बघून उपयोग नाही. ओकीफच्या विकेट परत बघा यूट्यूबवर, वळलेल्यापेक्षा न वळलेल्या बॉलने जास्त घात केलाय. कोहलीने दुसऱ्या डावात बॉल सोडला आणि स्टंप गेला, कारण आधीचे वळताना बघून डोक्यात टर्न बसला होता. पहिल्या डावात तर आपल्या शेवटच्या सात विकेट ११ रन्समध्ये गेल्या, त्यात पिचपेक्षा डोक्यात बसलेली भीती जास्त होती असं माझं मत.

आणि दुसरी बाजू, जास्त वळवणाऱ्याचं तिथे उलट नुकसान होतं. आपला जडेजा त्या मॅचला सारखा बॅट चुकवत होता, बॉल एवढा वळायचा की कडेला लागायचाच नाही, रेनशॉ वगैरे पोरं शांतपणे आतल्या लाईनला खेळून बीट होत राहिली. बीट झाल्याला विकेट मिळत नाही हो. कमी वळवणारा, सरळ टाकणारा, ज्याला त्याच्या देशात पिचकडून काही मिळत नाही म्हणून नुसती अचूकता शिकलाय असा माणूस इथे येऊन राजा होतो. त्याला फक्त नेहमीचंच करायचं असतं, बाकी पिच बघून घेते.

त्यामुळे गहुंजेकर, तुमचा मूळ मुद्दा मला पटतो. पिच जेवढी जास्त मदत करेल तेवढी बॉलरच्या कौशल्याची किंमत कमी होते. आपल्याकडे कौशल्य जास्त होतं, म्हणजे नुकसान आपलंच.

सँटनरबद्दल मात्र एक सांगतो, त्याला नुसता नशीबवान म्हणू नका. २०२४ ची पिच २०१७ एवढी वाईट नव्हती, स्लो होती. त्याने वेग कमीजास्त करून काढलेत लोक. कोहली फुलटॉसवर बोल्ड झाला तो काय पिचने नाही केला.


फॅक्ट_तपासा

चर्चा छान चाललीये पण सोयीच्याच मॅच मोजल्या जातायत असं वाटतंय म्हणून दुसरी बाजू.

त्या १८ सिरीजच्या काळात, म्हणजे २०१३ ते २०२४, आपण घरी फक्त चार टेस्ट हरलो. पुणे २०१७, चेन्नई २०२१, इंदूर २०२३, हैदराबाद २०२४. यातल्या पुणे आणि इंदूर मान्य, दोन्ही आखाडे, दोन्हीला मॅच रेफरीने पिचला 'पूअर' दिलं (इंदूरचं नंतर अपील करून 'बिलो ॲव्हरेज' झालं). पण चेन्नईला इंग्लंडने पहिल्या डावात ५७८ केले, रूटने २१८, तो काय आखाडा होता? आणि हैदराबादला आपल्याकडे १९० ची आघाडी होती, पोपने रिव्हर्स स्वीप मारमारून १९६ केले, हार्टलीने पदार्पणात ६२ ला ७ काढले, २८ नी हरलो. म्हणजे चारातल्या दोन मॅच बऱ्या पिचवरही हरलोच.

उलट आखाड्यावर जिंकलेल्या किती? नागपूर २०१५, साउथ आफ्रिका ७९ ऑल आउट. अहमदाबाद २०२१ ची डे-नाईट, दोन दिवसांत संपली, अक्षरने ११ काढल्या. दिल्ली २०२३, जडेजा ४२ ला ७. तेव्हा कोणी म्हणत नव्हतं की पिचने लॉटरी केली, तेव्हा सगळे व्हॉट्सॲपवर कांगारूंचे मीम टाकत होते.

नागपूर २०२३ तर मुद्दाम बघा. मॅचच्या आधीच ऑस्ट्रेलियाचा मीडिया ओरडत होता की डावऱ्या बॅटरांच्या बाजूचा पट्टा कोरडा ठेवलाय. ऑस्ट्रेलिया १७७ आणि ९१. त्याच पिचवर आपण ४०० केले, रोहित १२०, अक्षर ८४, जडेजा ७०. पिच एकच ना? मग आखाड्यावर सगळे सारखे होतात हे खरं कसं?

आणि कोलकात्याचं पण पूर्ण सांगा, गिल पहिल्या डावात तीन बॉल खेळून मान धरून बाहेर गेला, दुसऱ्या डावात आलाच नाही. एक बॅटर कमी असताना ३० नी हरलो. त्यांचा स्पिनर हार्मरपण काही ऐरागैरा नाही, काऊंटीत (इंग्लंडच्या देशांतर्गत क्रिकेटमध्ये) वर्षानुवर्षं ढिगाने विकेट काढतोय.

सगळ्यात मोठा पुरावा गुवाहाटी. कोलकात्यानंतर सगळे बोंबलले म्हणून नीट पिच दिली, साउथ आफ्रिकेने ४८९ केले, मुथुसामी १०९, यान्सन ९३ आणि मग त्याच यान्सनने बाऊन्सर टाकून ४८ ला ६ काढल्या. आपण ४०८ रन्सनी हरलो, रन्सच्या हिशोबाने टेस्टमधला आपला सगळ्यात मोठा पराभव. पिच आता काय करणार बिचारी? बॅटर बदललेत. पुजारा दोनशे बॉल खेळून ४० करायचा त्याला शिव्या घातल्या आपण, आता तो नाहीये तर कळतंय.


काका_पूना_क्लब

नमस्कार. वाचत होतो, राहवलं नाही. तुम्ही पोरं २०१७ पासून सुरू करताय, मी जरा मागे नेतो.

२००४ ची ऑस्ट्रेलिया सिरीज. तिसरी टेस्ट नागपूरला, आणि आत्ताचं जामठा स्टेडियम नाही हं, जुन्या व्हीसीए ग्राउंडला. पिचवर हिरवंगार गवत, आपल्याकडे एवढं गवत मी फक्त आउटफिल्डवर पाहिलेलं. मॅचच्या सकाळी गांगुली अनफिट म्हणून बाहेर, द्रविड कॅप्टन. त्यावरून काय काय बोललं गेलं ते इथे नको. गिलेस्पीने ९ विकेट काढल्या, मार्टिनने ११४ आणि ९७, आपण ३४२ नी हरलो आणि ऑस्ट्रेलिया ३५ वर्षांनी भारतात सिरीज जिंकली. म्हणजे घरच्या ग्राउंडवर आपल्याला न मानवणारी पिच आपल्याच लोकांनी करून दिली.

मग लगेच वानखेडे. तिथे नेमकं उलट. पहिला दिवस पावसात गेला जवळपास, आणि नंतर जे सुरू झालं ते विचारू नका. आपण १०४, ते २०३, आपण २०५, आणि त्यांना १०७ करायचे होते ते ९३ ला आउट. १३ रन्सनी जिंकलो. लक्ष्मण ६९ आणि सचिन ५५, त्या दोन इनिंग नसत्या तर काही खरं नव्हतं. हरभजन आणि मुरली कार्तिकने काढलं, सगळे खूश, आमच्या सोसायटीत पेढे. पण त्या मॅचमधला एक आकडा मी विसरलो नाही. मायकल क्लार्क, म्हणजे बॅटर, हौशी डावरा स्पिनर, त्याने आपल्याला ९ रन्समध्ये ६ विकेट काढून दाखवल्या. ९ ला ६! जिथे क्लार्क ९ ला ६ काढतो तिथे वॉर्न नसला तरी चालतो (नव्हताच तो त्या मॅचला, हात दुखावलेला). ऑफस्पिनवाले साहेब म्हणतायत तेच हे.

तेव्हा आपण १३ नी जिंकलो म्हणून कोणी प्रश्न विचारला नाही. कोलकात्यात ३० नी हरलो म्हणून सगळे विचारतायत. अशा पिचवर निकाल इकडचा तिकडे व्हायला पंधरावीस रन पुरतात, मग जिंकलेल्या मॅच मोजून 'आपल्याला आखाडा लाभतो' म्हणणं मला पटत नाही, फॅक्टवाल्यांनी राग मानू नये.

जाता जाता, पुण्याच्या मातीला उगाच बदनाम करू नका. १९४८ साली याच गावात पूना क्लबच्या ग्राउंडवर भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ केलेत. ब्रॅडमनचा ४५२ चा रेकॉर्ड नऊ रन्सवर होता आणि समोरच्या टीमने खेळायलाच नकार दिला!


काळी_कसदार

माझं शिक्षण शेतीतलं, माती हा रोजचा विषय, त्यामुळे पिच आखाडा का होते यावर थोडं. सगळे 'टर्न' 'टर्न' करतायत पण आखाडा एका प्रकारचा नसतो.

आपल्याकडची काळी माती म्हणजे चिकणमातीचं प्रमाण भरपूर. पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते आणि भेगा पडतात, उन्हाळ्यात सोलापूर साईडच्या शेतात हात जाईल एवढ्या भेगा बघितल्या असतील. पण दोन भेगांमधला तुकडा घट्ट असतो, सहज भुसभुशीत होत नाही. त्यामुळे काळ्या मातीची पिच वाळली की बॉल खाली राहतो, हळू येतो, दिवस जातील तसा आणखी हळू. एलबीडब्ल्यू आणि बोल्ड जास्त. २०२४ ला गहुंजेला काळ्या मातीची पिच होती आणि वॉशिंग्टन सुंदरने पहिल्या दिवशी ७ काढल्या त्यातले पाच बोल्ड होते, उगाच नाही.

लाल माती वेगळी. पाणी लवकर सोडते, बाऊन्स जास्त देते, पण बांधून ठेवायची ताकद कमी म्हणून वरचा थर लवकर फुटतो आणि धूळ उडायला लागते. वानखेडे लाल मातीचं. तिथे बॉल वळतो आणि उडतोही, म्हणून स्लिप आणि शॉर्ट लेगला कॅच जातात. न्यूझीलंडच्याच सिरीजमध्ये पुण्यानंतर वानखेडेला एजाज पटेलने ११ काढल्या, आपण १४७ चा पाठलाग करताना १२१ ला संपलो.

आता मुख्य गोष्ट, पिच काळी की लाल याहून पाणी कधी बंद केलं आणि रोलर किती फिरवला याने जास्त फरक पडतो. तीच माती, मॅचच्या आदल्या एकदोन दिवसांपर्यंत ओल ठेवली, थोडं गवत मुळासकट राखलं, जड रोलर नीट फिरवला की पहिले दोन दिवस मस्त बॅटिंग आणि चौथ्या दिवसापासून टर्न. २०१९ ला गहुंजेला पहिल्या सकाळी रबाडाला मदत होती, नंतर उमेशने दोन्ही डावांत तीन तीन काढल्या, म्हणजे पेसरलाही पिचमध्ये काहीतरी होतं. आणि पाणी आठवडाभर आधीच तोडलं, गवत घासून काढलं, की पहिल्या दिवशी जी पिच मिळते ती खरं तर चौथ्या दिवसाची असते. मग चौथा डाव खेळणाऱ्याला कितव्या दिवसाची पिच मिळत असेल ते बघा.

हाच मला वाटतं गहुंजेकरांच्या प्रश्नातला अर्धा भाग आहे. अशा पिचवर आपण टॉस हरलो की पाहुण्यांना आपण आपल्या हाताने तयार केलेला फायदा देतो. आणि टॉस तर कोणाच्याच हातात नाही.


गहुंजेकर

@काळी_कसदार हे टॉसचं मी आत्ता तपासलं. गहुंजेच्या तिन्ही टेस्टमध्ये जो टॉस जिंकला त्याने बॅटिंग घेतली आणि तोच मॅच जिंकला. २०१७ स्मिथ, २०१९ कोहली, २०२४ लेथम. तीन मॅचवरून शास्त्र होत नाही हे मान्य, पण कोलकात्यालाही टॉस बवुमानेच जिंकला होता.

@फॅक्ट_तपासा नागपूरचे ४०० चा मुद्दा चांगला आहे, त्यावर माझ्याकडे सरळ उत्तर नाही. पण एक विचारतो, नागपूर आखाडा होता की त्यांच्या बॅटिंगने केलेला आखाडा? कारण आपले सातवे नववे ७० आणि ८४ करतात तिथे पिच खेळण्यासारखी होतीच ना. आणि गुवाहाटी मी वेगळी धरतो, तिथे आपण वाईट खेळलो म्हणून हरलो, त्यात पिचचा काही दोष नाही, आणि तेच हवंय मला! वाईट खेळलो तर हरू दे. चांगले बॉलर असून हरायला नको.

अजून एक, कोलकात्याला आपण चार स्पिनर खेळवले, सुंदरला तिसऱ्या नंबरवर पाठवलं, आणि पहिल्या डावात सगळ्यात जास्त विकेट कोणी काढल्या? बुमरा, २७ ला ५. जगातला सगळ्यात चांगला फास्ट बॉलर आपल्याकडे आणि आपण पिच करतोय हार्मरच्या सोयीची.


सिंहगड_एक्स्प्रेस

आपण एकटेच नाही हो हे करणारे. पाकिस्तानचा किस्सा बघा, २०२४ ऑक्टोबर. मुलतानला पहिल्या टेस्टमध्ये ५५६ केले आणि तरी एक डावाने हरले, कारण इंग्लंडने ७ बाद ८२३ ठोकले, ब्रूक ३१७ रूट २६२. मग काय केलं, दुसरी टेस्ट त्याच वापरलेल्या पिचवर! मोठमोठे पंखे लावून वाळवली. साजिद खान आणि नोमान अली या दोघांनी मिळून वीसच्या वीस विकेट काढल्या आणि जिंकले. मग रावळपिंडीला पंखे तर होतेच, हीटरही लावले, परत जिंकले, सिरीज २-१.

इथपर्यंत वाटतं की वा, काय डोकं चालवलं. पण पुढे काय झालं? जानेवारी २०२५, वेस्ट इंडीज आली, परत मुलतान, परत तोच आखाडा. पहिली जिंकले, दुसरीत त्यांचा स्पिनर वॉरिकनने धुतलं, पाकिस्तान १५४ आणि १३३, वेस्ट इंडीज १२० नी जिंकली, पाकिस्तानात त्यांची १९९० नंतरची पहिली टेस्ट जिंक. नोमानने त्याच मॅचमध्ये हॅटट्रिक घेतली तरी हरले.

मला यातून एवढंच वाटतं की आखाडा करायचा तो तुम्ही कमजोर असताना. इंग्लंडसमोर पाकिस्तान कमजोर होतं, पाटा पिचवर मार खात होतं, तर मॅच लॉटरी करण्यात त्यांचा फायदा. वेस्ट इंडीजसमोर ते वरचढ होते, तिथे लॉटरी करायची काय गरज? आपलंही तेच, न्यूझीलंड श्रीलंकेत ०-२ मार खाऊन आली होती इकडे.


फॅक्ट_तपासा

हे 'कमजोर असताना करा' पटलं. मग आता प्रामाणिकपणे सांगा, अश्विन रिटायर, रोहित कोहली पुजारा नाहीत, आपण अजून वरचढ आहोत का? नसू तर तुमच्याच लॉजिकने आखाडाच बरोबर आहे 🙂


सिंहगड_एक्स्प्रेस

बोललात खरं. पण बुमरा सिराज असलेली टीम कमजोर म्हणवत नाही राव.


काका_पूना_क्लब

आयसीसीच्या पिच रेटिंगवर पण कोणीतरी बोला. पर्थला २०२५ च्या ॲशेसची (ऑस्ट्रेलिया-इंग्लंड) पहिली टेस्ट दोन दिवसांत संपली, पहिल्याच दिवशी १९ विकेट, आणि पिचला 'व्हेरी गुड'. आपल्याकडे असं झालं असतं तर? धूळ उडली की वाईट आणि गवतावर बॉल उडला की चांगलं, हा कुठला न्याय.


डेक्कनचा_ऑफस्पिन

काका, राग समजतो पण पर्थचं उदाहरण अर्धं आहे. त्याच पिचवर दुसऱ्या दिवशी हेडने १२३ मारले आणि २०५ चा पाठलाग दोन विकेटमध्ये झाला. म्हणजे बॉल उडत होता पण सारखा उडत होता, बॅटरला विश्वास ठेवता येत होता. आणि त्याच सिरीजला मेलबर्नची बॉक्सिंग डे टेस्ट पण दोन दिवसांत संपली, तिथे गवत जास्त ठेवलं होतं, त्याला 'अनसॅटिस्फॅक्टरी' मिळालं आणि डिमेरिट पॉइंट पण. केपटाऊन २०२४ ला पण तेच, ६४२ बॉलमध्ये टेस्ट संपली, आपण जिंकलो, सिराज १५ ला ६, तरी पिच नापास. तेव्हा फक्त आपल्यालाच नापास करतात असं नाहीये आता.

टर्न किती यावर माझी तक्रार नाहीच. एका जागी पडलेला एक बॉल घोट्याला आणि दुसरा बरगडीला, हे झालं की कोणी बॅटिंग शिकत नाही आणि बॉलिंगही. आमच्या लीगमध्ये मॅटवर खेळायचो तेव्हा वळायचा भरपूर पण सारखा वळायचा, त्यावर पोरं पायाचा वापर शिकली. आता रणजीला जास्त करून एकतर गवत नाहीतर पाटा, आणि टेस्टला एकदम आखाडा, मग जयस्वाल सोडून (पुण्याला दुसऱ्या डावात ७७, तेही ६५ बॉलमध्ये) कोणाला सुचणार काय करायचं? न्यूझीलंडवाले स्वीप मारत होते, आपले क्रीजमध्ये अडकून बसले होते. हे फॅक्टवाल्यांच्या 'बॅटर बदललेत' मध्ये जमा करा.


गहुंजेकर

मग टॉसचं काय करायचं? पाहुण्या कॅप्टनला निवड देऊन टाकली तर? म्हणजे तुम्ही हवी तशी पिच बनवा, पण आधी बॅटिंग की बॉलिंग ते पाहुणा ठरवणार. आपोआप पिच सरळ होईल.


काळी_कसदार

इंग्लंडमध्ये काऊंटीला २०१६ पासून काही सीझन असंच केलेलं, पाहुण्या टीमला बॉलिंग हवी असेल तर टॉसच नाही, नको असेल तर नेहमीसारखा टॉस. हेतू हाच की हिरव्या पिच कमी व्हाव्यात आणि स्पिनरला कामं मिळावीत. नंतर बंद केलं. आयसीसीच्या कमिटीत २०१८ ला टेस्टसाठी विषय आला होता, कुंबळे चेअरमन होता, त्यांनी टॉस राहू दे म्हणून सांगितलं.

आपल्याकडे मात्र याचा उपयोग होईल का शंका आहे. हिरव्या पिचवर पाहुणा बॉलिंग घेतो आणि होम टीमचा डाव उलटतो. कोरड्यावर पाहुणा बॅटिंग घेणार, बरोबर, म्हणजे चौथा डाव कायम आपल्याला. मग क्युरेटर (पिच बनवणारा) काय करेल, पहिल्या दिवशी ओल ठेवेल आणि तिसऱ्या दिवशी वाळेल अशी पिच देईल, म्हणजे जवळपास २०१९ वालीच.


गहुंजेकर

मला तर चालेल 😄


रविवार_पास

मलाही. रविवार धरूनच तिकीट काढतो.